अध्याहृत काही नको

संगणकाच्या काळ्या पडद्यावर एखादी फाइल पुसायची आज्ञा द्या. काहीच उमटत नाही. कर्सर पुढच्या ओळीवर येऊन लुकलुकत राहतो. युनिक्स या संगणक-प्रणालीत वावरलेल्या माणसाला या शांततेचा अर्थ पक्का ठाऊक असतो: काम झालं, बिघडलं असतं तर यंत्र बोललं असतं. २०२४ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘एसडब्ल्यूई-एजंट’ तयार केला. प्रोग्राममधल्या चुका स्वतःच शोधून दुरुस्त करणारा हा एआय एजंट. त्याच्यासाठी त्यांनी या शांततेच्या जागी एक वाक्य घातलं. आज्ञा यशस्वीपणे पार पडली, दाखवण्यासारखं काही नाही, एवढाच त्याचा आशय. एजंटाचा गोंधळ होऊ नये म्हणून.

न उच्चारलेल्या पण गृहीत धरलेल्या शब्दाला आपल्या व्याकरणात अध्याहृत म्हणतात. ‘जेवलास?’ या प्रश्नात ‘तू’ अध्याहृत आहे. सॉफ्टवेअरची माहिती लिहिणारेही आजवर असंच बरंच काही अध्याहृत ठेवत आले. वाचणारा माणूस शेजारच्या टेबलावर विचारून घेत असे, नाहीतर दोनदा चुकून तिसऱ्यांदा शिकत असे. एजंटाला विचारायला शेजार नाही.

त्याच्यापुढे नेमकं काय असतं? एजंट चालतो भाषा-मॉडेलवर, आणि काम करायला त्याला साधनं, म्हणजे छोटे प्रोग्राम, दिलेले असतात. मॉडेलला सहसा साधनाच्या पोटातला कोड दिसत नाही. त्याला तीनच गोष्टी मिळतात: साधनाचं नाव, ते काय करतं याचं चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा. तेवढ्यावरून ते साधन निवडतं आणि मागणी लिहितं. ती चालवतो दुसराच प्रोग्राम, आणि निकाल पुन्हा मजकूर होऊन मॉडेलकडे येतो. अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या साधनं जोडण्याच्या पद्धतीमध्येही साधनाची ओळख मुख्यतः याच तीन गोष्टींनी होते. म्हणजे एजंटाच्या दृष्टीने वर्णन हेच साधन. एरवी वेळ उरला तर लिहायचा हा मजकूर इथे यंत्राचा भाग होऊन बसतो, आणि तो लिहिण्याचं काम मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

आता ‘तारीख’ एवढंच नाव दिलेला रकाना घ्या. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. ‘रक्कम’ तर त्याहून घातक. ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या काही सेवांना रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत द्यावी लागते. ५०० रुपयांसाठी ५०,००० लिहायचं. हे ठळक लिहिलेलं नसेल तर एजंट ५०० पाठवेल आणि पाच रुपयांचं बिल होईल. कुठे चूक झाल्याचा संदेशही येणार नाही, कारण यंत्राच्या लेखी चूक झालेलीच नाही. रकान्याला ‘रक्कम पैशांत’ असं नाव दिलं की अध्याहृत काही उरत नाही.

कधी मात्र वर्णन सुधारून भागत नाही, साधनच बदलावं लागतं. अँथ्रोपिकच्या अभियंत्यांचा एक अनुभव आहे. त्यांचा एजंट मूळ फोल्डरमधून दुसरीकडे गेला की फाइलींचे पत्ते चुकवायचा, कारण तो ‘इथून पुढे’ अशा सापेक्ष पत्त्यांवर चालत होता. त्यांनी साधनाला मुळापासूनचा पूर्ण पत्ताच सक्तीचा केला आणि ती चूक थांबली. त्या कामात एकंदर सूचनांपेक्षा साधनं घडवण्यातच आपला जास्त वेळ गेला, असं त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये नमूद केलं.

म्हणून एजंटापुढे सगळंच ओतावं असंही नाही. प्रिन्स्टनच्या प्रयोगात एजंटाला फाइलीच्या एका वेळी १०० ओळी दाखवल्या तेव्हा त्याचं काम सर्वांत चांगलं झालं. ३० ओळी अपुऱ्या पडल्या आणि अख्खी फाइल दिली तर कामगिरी त्याहूनही खालावली. वर्णनाचंही तसंच असावं. कुठे वापरू नये हे एका वाक्यात सांगणं पानभर गुणगानापेक्षा उपयोगी. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ३ नोव्हेंबर १९७१ ची तारीख घातलेली युनिक्सची पहिली पुस्तिका काढली. तिच्यात आज्ञेच्या पानावर ‘बग्ज’ असा मथळा असे आणि त्याखाली ज्ञात दोष सरळ लिहिलेले असत. आपल्या साधनाचं उणं असं उघड मांडण्याची ती रीत मला आजही आदर्श वाटते.

चूक झाल्याचा संदेश हासुद्धा माहितीचाच भाग. ‘अवैध विनंती’ एवढ्यावर एजंट तीच मागणी पुन्हा पुन्हा पाठवत बसू शकतो. ‘तारीख २०२५-०४-०३ अशी, आधी वर्ष लिहून द्या’ म्हटलं की पुढच्या खेपेला तो सुधारतो.

एजंट वर्णनावर असा विश्वास टाकतो, यात धोकाही आहे. वर्णनातच कुणी छुपी सूचना पेरली तर एजंट तीही पाळू शकतो, हे २०२५ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिलं. परक्याचं साधन जोडण्याआधी त्याचं वर्णन माणसाने वाचायलाच हवं.

आपलं लिहिणं जमलं की नाही, हे कळतं एजंटाला खरं काम देऊन त्याची प्रत्येक पायरी वाचल्यावर. अँथ्रोपिकच्या क्लॉड या मॉडेलला वेबशोधाचं साधन दिलं तेव्हा तो शोधशब्दांना विनाकारण ‘२०२५’ जोडत होता, आणि त्यामुळे निकाल बिघडत होते. नोंदी वाचताना हे लक्षात आलं. दुरुस्ती झाली ती साधनाच्या वर्णनात.