ईश्वरी क्रोध
ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक संकल्पना. पाप व अन्याय यांना असलेला ईश्वराचा पवित्र विरोध, असा तिचा अर्थ आहे. गरिबांना नाडणाऱ्यांवर ईश्वराचा कोप ओढवेल, असे जुन्या करारातील आमोस (इ. स. पू. आठवे शतक) हा संदेष्टा बजावतो. या करारातील कठोर देव आणि येशूचा प्रेमळ पिता भिन्न आहेत, हे मार्सिअनचे मत रोमच्या ख्रिस्तमंडळाने इ. स. १४४ च्या सुमारास त्याज्य ठरविले. देवाला क्रोध येतच नाही, या तत्त्वज्ञांच्या मताचे खंडन लॅक्टँशिअसने चौथ्या शतकाच्या आरंभी केले. सज्जनांवर ज्याचे प्रेम आहे, त्याला दुष्टतेचा तिटकारा असणारच, असे त्याचे प्रतिपादन होते. सेंट ऑगस्टीनच्या (३५४–४३०) मते मात्र हा क्रोध मनोविकार नव्हे. तो पापाला शासन करणारा न्यायनिर्णय होय. ईश्वर अन्यायाविषयी उदासीन असता, तर पीडितांना कोणताच आधार उरला नसता. म्हणून हा क्रोध प्रेमाच्या विरुद्ध मानला जात नाही. क्रूसावरील ख्रिस्ताच्या मरणात न्याय व क्षमा यांचा मेळ झाला, अशी श्रद्धा आहे. अंतिम न्याय ईश्वराकडे सोपवून श्रद्धावंताने सूडबुद्धी सोडावी, अशी प्रेषित पौलाची शिकवण आहे.