राणीच्या बागेतील तुळशीचे कुंपण

कार्तिकातील तुळशीविवाह, वृंदा-जालंधराची कथा, वारीत स्त्रियांच्या डोक्यावर असणारे वृंदावन, मरणासन्न माणसाच्या मुखात गंगाजळासह ठेवले जाणारे पान आणि खोकल्यावर मधातून दिला जाणारा रस हे सर्व मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. तुळशीमुळे डास पळतात व हिवताप टळतो, म्हणूनच ती अंगणात लावली जाई, हे विधानही आज तितक्याच सहजपणे केले जाते. मात्र त्याच्या पुष्ट्यर्थ वारंवार पुढे केली जाणारी साक्ष एका इंग्रज गृहस्थाच्या पत्रातील आहे.

हे गृहस्थ म्हणजे सर जॉर्ज बर्डवुड. १८३२ साली बेळगावात जन्मलेले, मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे आणि भायखळ्याच्या संग्रहालयासाठी डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या बरोबरीने झटलेले बर्डवुड १८६८ मध्ये प्रकृतीच्या कारणाने इंग्लंडला परतले. १९०३ साली लंडनच्या ‘टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रात त्यांनी असे नमूद केले, की व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे राणीची बाग, उभारली जात असताना कामकरी डासांनी बेजार झाले होते, तेव्हा हिंदू व्यवस्थापकांच्या सल्ल्यावरून बागेच्या सबंध हद्दीवर तुळस लावण्यात आली आणि डासांचा उपद्रव हटून तेथे राहणाऱ्या माळ्यांमधील तापही नाहीसा झाला.

ही बाग १८६२ मध्ये खुली झाली, म्हणजे पत्र लिहिताना मूळ घटनेस सुमारे चाळीस वर्षे लोटली होती. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये दाखवले. त्याआधी हा ताप दलदलीतील दूषित हवेने येतो असा सर्वसाधारण समज होता. तेव्हा डास गेले आणि ताप गेला या दोन गोष्टींची पत्रात घातलेली सांगड नव्या ज्ञानाच्या उजेडात जुन्या आठवणीवर चढली असावी, असा संशय घेण्यास जागा आहे. बागेतील खड्डे बुजणे, पाण्याचा निचरा होणे अशी अन्य कारणेही संभवतात. शिवाय पत्रातील तुळस कुंपणाची आहे आणि घरच्या वृंदावनात बहुधा एकच रोप असते; एकावरून दुसऱ्याचे समर्थन करणे धाडसाचेच होय.

त्याच सुमारास उत्तर नायजेरियातील कॅप्टन लॅरीमोर यांनी तुळशीच्याच प्रजातीतील, म्हणजे निकटच्या जातींच्या गटातील, एका झाडाविषयी असाच दावा केला होता. तो पडताळण्याचे काम फ्रीटाउन येथील डॉ. प्राउट यांनी केले. वाढत्या झाडाचा डासांवर फारसा परिणाम होत नाही, ताजी पाने अगदी जवळ ठेवली तरी त्यांना अपाय होत नाही, पाने जाळल्यावर निघणाऱ्या धुराने मात्र डास गुंगतात व अखेर मरतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तुळशीच्या तेलातील युजेनॉल या सुगंधी द्रव्याचा विचार करता यात नवल नाही, कारण काढलेले तेल अंगाला लावल्यास डास काही काळ दूर राहतात. पानात साठलेले तेल तसे बाहेर पडत नाही. बर्डवुड यांचे पत्र आजही उद्धृत होते, प्राउट यांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते, आणि ही निवड संशोधनापेक्षा सोयीची अधिक दिसते.

परंपरेने स्वतः असा दावा करण्याची गरज मानलेली दिसत नाही. द्वादशीला जिचे पान खुडणेही निषिद्ध, ती तुळस डासांसाठी जाळण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही; तुळशीकाष्ठे चितेवर ठेवली जातात, गोठ्यातील धुरीला कडुनिंबाचा पाला चालतो.