नकाशा ते प्रतिकृती : रेल्वे वास्तूंच्या लघुप्रतिकृतींमागील मोजमापशास्त्र

प्रस्तावना

रेल्वेच्या लघुप्रतिकृती म्हटले की प्रथम इंजिने व डबे डोळ्यांसमोर येतात. ती बाजारात तयार मिळतात. स्थानकाची इमारत, मालधक्का, सिग्नल केबिन, पूल या वास्तू मात्र स्थळागणिक निराळ्या असतात. त्यामुळे एखादे विशिष्ट स्थानक दाखवावयाचे झाल्यास ते मूळ नकाशावरून बांधावे लागते. हे काम छंदाच्या सदरात जमा होत असले तरी त्यात भूमिती, बांधकामशास्त्र आणि इतिहाससाधनांची चिकित्सा एकत्र येते. नकाशा हा पुरावा होय, परंतु अपुरा. त्याचे अपुरेपण कसे भरून काढले जाते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या कामाची दीर्घ परंपरा ब्रिटनमध्ये असल्याने उदाहरणे मुख्यतः तेथील घेतली आहेत.

प्रमाणाची निवड

‘एचओ’ प्रमाणात एका फुटास ३.५ मि.मी. धरतात, म्हणजे १:८७.१. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या ‘ओओ’ प्रमाणात एका फुटास ४ मि.मी. धरतात, म्हणजे १:७६.२. दोन्हींत रुळांमधील अंतर मात्र १६.५ मि.मी. हेच असते. १४३५ मि.मी.च्या प्रमाण मापी मार्गासाठी ते ‘एचओ’मध्ये बरोबर जुळते. ‘ओओ’मध्ये त्याच अंतराचे मूळ माप १२५७ मि.मी. निघते, म्हणजे रूळ सुमारे सात इंचांनी अरुंद ठरतात. भारतीय ब्रॉडगेजचे १६७६ मि.मी. अंतर ‘एचओ’ प्रमाणात १९.२ मि.मी. व्हावयास हवे. तरीही तयार मिळणाऱ्या १६.५ मि.मी.च्या रुळांवरच भारतीय गाड्या उभ्या केल्या, तर इमारतीचे प्रमाण रुळांवरून काढू नये. ते डब्यांच्या प्रमाणावरून घ्यावे; अन्यथा फलाट आणि डब्याचा दरवाजा यांची उंची जुळत नाही, आणि ही विसंगती रुळांच्या विसंगतीपेक्षा लवकर डोळ्यांत भरते.

नकाशाचे वाचन

वास्तूच्या नकाशात साधारणतः तीन प्रकारची चित्रे असतात : वरून पाहिलेला प्लॅन, समोरून व बाजूने पाहिलेले एलिव्हेशन आणि उभा छेद देऊन आतील रचना दाखविणारे सेक्शन. जुन्या ब्रिटिश नकाशांत एका फुटास १/८ इंच, म्हणजे १:९६ हे प्रमाण पुष्कळदा आढळते. असा नकाशा ‘ओओ’साठी १२६ टक्के, तर ‘एचओ’साठी ११० टक्के मोठा करावा लागतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुना कागद दमट हवेने आकसतो वा ताणला जातो, शिवाय झेरॉक्समध्ये लांबी व रुंदी सारख्या प्रमाणात वाढतेच असे नाही. म्हणून पट्टीने मोजलेल्या रेषेपेक्षा नकाशावर लिहिलेला आकडा ग्राह्य धरावा.

याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. नकाशा बांधकामापूर्वी काढलेला असतो. प्रत्यक्षात खिडकी सरकते, धुराडे उंच होते, एखादी खोली पुढे जोडली जाते. कागदावरची इमारत आणि उभी राहिलेली इमारत यांपैकी कोणाची प्रतिकृती करावयाची, हे आधी ठरवावे लागते.

विटांची साक्ष

या ठिकाणी जुनी छायाचित्रे उपयोगी पडतात. आणि छायाचित्रातील सर्वांत विश्वासू मोजपट्टी म्हणजे वीट. दर्जासहित इंग्लिश वीट सुमारे नऊ इंच लांब व तीन इंच उंच धरली जाते, म्हणजे एका फुटात चार थर बसतात. गवंडी ज्याला रद्दा म्हणतात तो हा थर ‘ओओ’ प्रमाणात नेमका १ मि.मी. उंच होतो. म्हणजे जितके रद्दे, तितके मिलिमीटर! समजा, नकाशात जोत्यापासून पागोळीपर्यंत १२ फूट उंची लिहिली आहे. त्या हिशेबाने रद्दे ४८ भरावयास हवेत. छायाचित्रात ते ५२ भरले, तर भिंत १३ फुटांची आहे आणि नकाशा त्या ठिकाणी मानता येत नाही. अर्थात विटेची जाडी प्रदेशपरत्वे बदलते. त्यामुळे दरवाजासारख्या ज्ञात मापाच्या भागाशी रद्द्यांची संख्या आधी ताडून पाहावी लागते. दगडी बांधकामात तर थरांची उंची एकसारखी असेलच असे नाही, म्हणून तेथे ही युक्ती बेताने वापरावी.

छप्पर व भिंतीची जाडी

उतरत्या छपराच्या पाख्याची खरी लांबी प्लॅनमध्ये दिसत नाही, समोरच्या एलिव्हेशनमध्येही दिसत नाही. इमारतीची निम्मी रुंदी ३० मि.मी. आणि आढ्याची उंची २० मि.मी. असेल, तर पायथागोरसच्या सिद्धान्ताने पाखे ३६ मि.मी.चे कापावे लागते; पागोळीचा पुढे आलेला भाग त्यात मिळवावयाचा तो निराळाच. नऊ इंची भिंत ‘ओओ’मध्ये ३ मि.मी. जाड होते. दीड मिलिमीटरचा पुठ्ठा एकेरी वापरल्यास ती अर्धीच भरते, आणि खिडक्या भिंतीच्या पृष्ठभागावर चिकटविल्यासारख्या भासतात.

पेंडनचे उदाहरण

इंग्लंडमधील लाँग विटनहॅम या गावी पेंडन संग्रहालय आहे. त्याचे संस्थापक रॉय इंग्लंड हे १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून ब्रिटनमध्ये आले. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातील शाकारलेली जुनी घरे बदलत व नाहीशी होत असल्याचे पाहून त्यांनी त्यांची मोजमापे व छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. १९५४ पासून उभ्या राहिलेल्या या संग्रहालयात दोन महायुद्धांदरम्यानचे ते खोरे, रेल्वेसह, एका फुटास ४ मि.मी. या प्रमाणात साकारले आहे. त्यातील घरे कल्पित नमुने नसून खऱ्याखुऱ्या घरांच्या प्रतिकृती आहेत. मूळ घर पडले वा बदलले, तेथे प्रतिकृतीच त्याची त्रिमितीय नोंद होऊन बसते.

भारतीय संदर्भ

पुण्यातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून अनेकांना परिचित आहे. चालत्या गाड्या हे त्याचे आकर्षण. विशिष्ट भारतीय स्थानकांच्या मोजून केलेल्या प्रतिकृतींचे क्षेत्र आपल्याकडे अजून बरेचसे मोकळे आहे. दरम्यान मूळ वास्तू वेगाने बदलत आहेत. अमृत भारत स्थानक योजनेखाली ६ ऑगस्ट २०२३ रोजी देशातील ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. त्यांत महाराष्ट्रातील ४४ स्थानके होती. अशा स्थानकाची नोंद करावयास मोठी सामग्री लागत नाही. पुरेशी परवानगी घेऊन प्रत्येक बाजूचे समोरून, सरळ रेषेत छायाचित्र घ्यावे व त्यात भिंतीला टेकवून उभी केलेली, फुटांच्या खुणा असलेली काठी यावी. एक दरवाजा, एक खिडकी आणि जोत्याची उंची टेपने मोजून घ्यावी. उरलेली मापे त्या काठीवरून काढता येतात.