मुक्काम खारघरला, जत्रा वांद्र्याला

'कॉमिक कॉन' हा शब्द तुमच्या घरात अजून आला नसेल तर लवकरच येईल, आणि बहुधा खारघरहून येईल. आपल्या गावोगावची किती तरी मुले आज नव्या मुंबईत नोकरीला आहेत. दिवाळीला पुतण्या येतो, चुलत भावंडांना मोबाईलवर फोटो दाखवतो. कुणी कोळ्याच्या जाळ्याचा पोशाख घातलेला, कुणी अंगाला हिरवा रंग फासलेला. पोरे हट्ट धरतात, आम्हालाही जायचंय! मग घरातली वडीलधारी विचारतात, हे आहे तरी काय, आणि त्यात पैसा घालावा का?

कॉमिक म्हणजे चित्रांतून सांगितलेली गोष्ट, आणि ती काही परकी वस्तू नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगत आले आहेत. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ज्यांची पन्नाशी उलटली त्यांना इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवत असेल. १९६४ साली सुरू झालेली ती पुस्तके मराठीतही येत आणि वाचनालयात त्यांच्यासाठी भांडणे होत. १९६७ साली अनंत पै यांनी अमर चित्रकथा सुरू केली. तिच्यासाठी राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा आपल्या चित्रकारांचे हात राबले. मुळीकांनी पुढे हिंदीतल्या नागराजच्या सुरुवातीच्या अंकांचीही चित्रे काढली.

अशा पुस्तकांचे चाहते, चित्रकार आणि प्रकाशक एकत्र जमतात ते हे संमेलन. अमेरिकेत सॅन दिएगो शहरात १९७० साली काहीशे लोकांनी ते सुरू केले, आज तिथे लाखावर माणूस लोटतो. भारतातले पहिले कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत भरले. तिथे अनंत पैंचा जीवनगौरव पुरस्काराने सन्मान झाला आणि त्याच महिन्यात ते गेले. मुंबईत हे संमेलन बरीच वर्षे गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात होई. अलीकडे ते वांद्रे-कुर्ला संकुलात भरत आले आहे. तारखा आणि जागा दर वर्षी बदलू शकतात, म्हणून आधी चौकशी करा. तिकीटही आधीच मोबाईलवरून काढावे लागते. हे काम खारघरच्या पुतण्याकडे सोपवावे.

आदल्या दिवशी खारघरला मुक्कामाला जा. आज जिथे उंच इमारती दिसतात तिथे पूर्वी भाताची खाचरे होती. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पनवेल-उरण भागातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. तो विषय मोठा आहे, पण सेंट्रल पार्कात फिरताना मुलांना एवढे सांगायला हरकत नाही. सकाळी खारघर स्टेशनवरून हार्बरची लोकल धरायची आणि कुर्ल्याला उतरायचे. पाऊण तास लागतो. पुढे बस किंवा रिक्षा. शक्यतो शनिवारी जा. रविवारी हार्बर मार्गावर बऱ्याचदा मेगाब्लॉक असतो, आणि लेकराबाळांना घेऊन अर्ध्या वाटेत अडकण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

दारात लांब रांग असेल. पिशव्या तपासतात, घरचा डबा आत नेऊ देतीलच असे नाही, म्हणून मुलांना पोटभर खाऊ घालूनच निघा. आतले खाणे महाग. आत गेलात की कानठळ्या बसतील असा आवाज, दिव्यांचा झगमगाट आणि गर्दी. धाकटी पोरे बावरतात. त्यांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते ठरवून ठेवा. मोठ्या यात्रेत आपण हेच करतो.

वेष घेतलेली माणसे पाहून गांगरू नका. ते आपले बहुरूपीच म्हणायचे. फरक इतकाच की हे दक्षिणा मागत नाहीत. कित्येकांनी तो पोशाख पुठ्ठा, फोम आणि जुने कापड वापरून महिनोन् महिने खपून घरीच केलेला असतो. फोटो काढण्यापूर्वी विचारा, आणि पोशाखाला हात लावू नका. तुमच्या मुलाला सोंग घ्यायचे असेल तर खुशाल घेऊ द्या, मात्र खरा कोयता-विळा बरोबर नको. हत्यार लाकडाचे किंवा पुठ्ठ्याचे असले तरी दारात तपासणी होते.

आता मुद्द्याचे सांगतो. तीस वर्षे मी शेतकऱ्यांना कृषी प्रदर्शनांना नेत आलो. पुष्कळ लोक नव्या ट्रॅक्टरवर बसून फोटो काढतात, पिशवीभर माहितीपत्रके गोळा करतात आणि परत येतात. कोपऱ्यातल्या टेबलावर शास्त्रज्ञ एकटाच बसलेला असतो. इथेही तसेच होते. मोठ्या कंपन्यांच्या दुकानांत बाहुल्या आणि छापील बनियन यांवर पैसा उडतो, आणि एका बाजूला ओळीने मांडलेल्या छोट्या टेबलांवर खुद्द चित्रकार बसलेले असतात. घरातल्या ज्या पोराच्या वहीचा प्रत्येक समास चित्रांनी भरलेला आहे, त्याला तिथेच न्या. अभिजीत किणी या मुंबईच्या चित्रकाराने नऊवारीतली, हातात बंदूक घेतलेली 'अँग्री मावशी' काढली. अशी माणसे स्वतःची पुस्तके स्वतः विकतात. पुस्तक चाळू देतात, मुलांशी बोलतात. पोराची वही बरोबर ठेवा आणि त्यांना दाखवा. आधी कागद कोणता, शाई कोणती, एक पान काढायला किती दिवस लागतात, पैसे कसे मिळतात, हे मुलाला स्वतः विचारू द्या. तुम्ही मागे उभे राहा. व्यवहार बहुतेक इंग्रजी-हिंदीत चालतो. मराठी पुस्तके मात्र त्या मानाने फार थोडी, आणि हे मला खटकते. पण मराठीत विचारले तर मराठीत उत्तर देणारे निघतात.

खर्चाचे आधीच ठरवा. चौघांची तिकिटे काढली की आकडा हजारांत जातो. मुलाच्या हातात ठरावीक रक्कम द्या आणि सांगा, यात एक पुस्तक घ्यायचे. बाहुली घेतली तर पुस्तक नाही. निवड त्याची.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी उशिराची असेल तर मोठ्या मुला-मुलीला खारघरमधलीच राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था बाहेरून तरी दाखवा. कापड, वेशभूषा, रचना यांचे पदवीचे शिक्षण तिथे मिळते आणि प्रवेश परीक्षेतून होतो. चित्रकलेकडेच कल असेल तर मुंबईत १८५७ पासूनचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. मात्र त्याची सुरुवात गावच्या हायस्कुलातच होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा तिथूनच देता येतात आणि त्यांचे वाढीव गुण दहावीला मिळतात. यंदा अर्ज कधी भरायचे आहेत, ते गाव सोडण्यापूर्वीच चित्रकलेच्या सरांना विचारून ठेवा.