सर्व्हर पुन्हा उठतो. व्हीपीएन उठते का?

घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला कार्यालयातील फायलींपर्यंत सुरक्षितपणे नेणारी वाट म्हणजे व्हीपीएन, अर्थात आभासी खासगी जाळे. या वाटेवरून माहिती सांकेतिक रूपात प्रवास करते. मध्यरात्री वीज गेली आणि परत आल्यावर सर्व्हर सुरू झाला, तरी व्हीपीएन आपोआप सुरू होईलच असे नाही. कोणी ते हाताने सुरू करीपर्यंत सकाळची सारी कामे खोळंबतात. यावर उपाय म्हणजे व्हीपीएन कंटेनरमध्ये ठेवून त्याची राखण संगणक प्रणालीवरच सोपविणे.

तीन घटक

पहिला घटक, जेम्स योनान यांनी २००१ मध्ये आणलेले 'ओपनव्हीपीएन' हे मुक्त सॉफ्टवेअर. दुसरा, २०१३ मध्ये आलेले 'डॉकर'. प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या साऱ्या पूरक फायली ते एका बंद डब्यात भरते, हाच कंटेनर. तिसरा, २०१० मध्ये आलेली 'सिस्टीमडी'. बहुतेक प्रमुख लिनक्स प्रणालींत यंत्र सुरू होताच हीच प्रथम जागी होते आणि इतर सेवांना उठविते.

सिस्टीमडीला सूचना मिळतात त्या 'युनिट फाइल' नावाच्या छोट्या मजकुरातून. आधी डॉकर सुरू व्हावे, मग जुना कंटेनर काढून नवा चालवावा आणि तो बंद पडल्यास काही सेकंदांनी पुन्हा सुरू करावा, एवढे त्यात लिहिलेले असते.

चुका कोठे होतात?

कंटेनर पार्श्वभूमीवर चालविण्याची आज्ञा दिल्यास ती आज्ञा लगेच संपते आणि सिस्टीमडीला सेवाच संपली असे वाटते. म्हणून येथे कंटेनर दर्शनी प्रक्रिया म्हणूनच चालवावा लागतो. पुन्हा सुरू करण्याची सोय डॉकरमध्येही आहे. पण एकाच कंटेनरवर दोन राखणदार नेमले, तर त्यांचा परस्परांशी गोंधळ होतो. शिवाय मूळ मांडणीनुसार १० सेकंदांत ५ वेळा सुरू होऊनही सेवा टिकली नाही, तर सिस्टीमडी प्रयत्न सोडते. त्यामुळे दोन प्रयत्नांमध्ये पुरेसे अंतर ठेवणे इष्ट.

सर्वांत महाग पडणारी चूक किल्ल्यांची. ओळख पटविणारी प्रमाणपत्रे आणि गुप्त किल्ल्या कंटेनरच्या आत ठेवल्या, तर कंटेनर काढताच त्या नष्ट होतात आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला नव्या द्याव्या लागतात. त्या स्वतंत्र साठ्यात ठेवून त्यांची प्रत अन्यत्र जपावी.

मर्यादाही ध्यानात घ्यावी. सिस्टीमडी पाहते ती प्रक्रिया जिवंत आहे की नाही, एवढेच. प्रमाणपत्राची मुदत संपली किंवा राउटरने मार्ग अडविला, तर प्रक्रिया चालू राहते आणि जोडणी मात्र होत नाही. म्हणून मांडणी पूर्ण झाल्यावर सर्व्हर एकदा मुद्दाम बंद करून सुरू करावा आणि कार्यालयाबाहेरून जोडणी करून पाहावी. ही परीक्षा सुटीच्या दिवशी घेतलेली बरी; अन्यथा ती कामाच्या दिवशी आपोआप होते.