पिसुर्ल्याचा गाळ

आषाढातली सकाळ. पाऊस घटकाभर उघडला आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावकडे या दिवसांत बांधीबांधीत बाया रोवणीला वाकलेल्या असतात. इथे, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ल्यात, ओढ्याकाठच्या शेतात चिटपाखरू नाही. पलीकडे डोंगर दिसतो. डोंगर कसला, लोहखनिज काढताना बाजूला टाकलेल्या मातीचा ढीग. इथले लोक त्याला डंप म्हणतात. अंगावर काजू आणि ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्यात, तरी मधूनमधून घळी पडल्यात आणि त्यांतून उतरणारं पाणी गेरूसारखं आहे.

शेताचे मालक चपला हातात घेऊन पुढे चालतात. "भाऊ, बांधावरूनच या. मधे पाय घातलात तर गुडघाभर जाल."

मी वाकून मूठभर गाळ उचलतो. आम्हा धानवाल्यांना गाळाचं अप्रूप! उन्हाळ्यात मामा (माजी मालगुजारी) तलाव उपसला की ट्रॅक्टर मिळवायला धावपळ, भांडणंसुद्धा. तो गाळ काळा असतो, त्याला कुजल्या पानांचा वास असतो. याला वासच नाही. बोटांत मऊ, निसरडा. चिवडून पाहतो तर गांडूळ नाही की मुळाचा तंतू नाही. दुपट्ट्याला हात पुसतो, डाग पडतो तो पडतोच.

"आत्ता असा आहे," मालक म्हणतात, "उन्हात वाळला की फाळ आत जात नाही. पाणीही मुरत नाही."

"मग पीक?"

"खाण चालू होती तेव्हा भरपाई यायची. आता खाण बंद, भरपाई बंद. चिखल तेवढा दर पावसाळ्यात येतो."

सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 ला गोव्यातल्या 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चच्या मध्यावर खोदाई थांबली. निकाल हवाच होता. पण एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती-दगड उपसून ठेवलेत, त्यांना कुठली मनाई लागू होणार? आणि पाऊस इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आमच्या गोंदियाच्या दुपटीहून जास्त.

ढिगाच्या पायथ्याशी चिऱ्यांची भिंत आहे, तिच्यामागे गाळ थोपवायचा खड्डा. खड्डा काठोकाठ भरलाय. तांबडं पाणी भिंतीवरून सरळ ओढ्यात पडतंय. खड्डा वेळच्या वेळी उपसला तरच त्याचा उपयोग, आणि उपसलेला गाळ टाकायचा कुठे, हा आणखी एक घोळ.

"तुमच्याकडे खाणी आहेत?" मालक विचारतात.

"आमच्या जिल्ह्याच्या पोटातही लोहखनिज आहे, काका. मॅग्नेटाइट."

ते डंपकडे बोट दाखवतात. "खोदायला कोण आलं तर खनिजाचं नंतर विचारा. माती कुठे टाकणार ते आधी नकाशावर दाखवायला लावा. ओढ्याच्या वरच्या अंगाला असेल तर सही करू नका."