ओल्या कचऱ्यातून इंधन
होळकरांच्या दौलतीतील जुना परगणा असलेल्या देपालपूर तहसिलीत गव्हाची कापणी उरकल्यावर मागे राहणारी नरवाई आजही काही शेतांत पेटवली जाते आणि काळ्या मातीचे सत्त्व त्या धुराबरोबर जाते, हे पाहून जीव हळहळतो. कारण याच जिल्ह्यात, इंदूरच्या देवगुराडिया येथे, १९ फेब्रुवारी २०२२ रोजी लोकार्पण झालेल्या प्रकल्पाची क्षमता दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७ टन जैव-सीएनजी व १०० टन खत निर्माण करण्याची आहे. भाजीची देठे, शिळी पोळी, केळ्याची साल यांचे हवाबंद टाक्यांत जिवाणू विघटन करतात, आणि निघालेल्या वायूतून कर्बाम्ल वायू वेगळा केला की उरलेल्या मिथेनवर शहराच्या बसगाड्या धावतात. नरवाईपासूनही असा वायू मिळू शकतो; गव्हाच्या काडातील लिग्निन हा घटक मात्र चिवट. ते आधी कुटून, भिजवून सैल करावे लागते.